बोलक्या घोड्याची खरी हुशारी

अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९६१ ते १९६६ या काळात गाजलेल्या ‘मिस्टर एड’ या विनोदी मालिकेचा नायक एक बोलणारा घोडा होता, आणि तो विल्बर पोस्ट या वास्तुविशारदाखेरीज कोणाशीही बोलत नसल्यामुळे विल्बरची जी फजिती होई, तिच्यावरच मालिकेतील बहुतेक विनोद उभा होता. बांबू हार्वेस्टर नावाच्या पालोमिनो, म्हणजे सोनेरी अंगाच्या व फिकट आयाळीच्या घोड्याने ही भूमिका केली; आवाज होता काउबॉयपटांतील अभिनेते अ‍ॅलन लेन यांचा, परंतु श्रेयनामावलीत त्यांचे नाव नसे.

घोड्याचे ओठ कसे हलत, याबद्दल अनेक वर्षे असे सांगितले जाई की, त्याच्या ओठांच्या आत शेंगदाण्याचे लोणी लावले जात असे. मात्र विल्बरची भूमिका करणारे अ‍ॅलन यंग यांनीच पुढे ही गोष्ट आपण रचली होती, असे स्पष्ट केले. त्यांच्या सांगण्यानुसार सुरुवातीला घोड्याच्या तोंडात नायलॉनचा दोरा ठेवला जाई, तो अडचणीचा वाटून घोडा ओठ हलवी. पुढे प्रशिक्षक लेस हिल्टन यांनी खुराला स्पर्श करताच ओठ हलवायचे, हे तो शिकला. विशिष्ट संकेत मिळाल्यावर केलेल्या कृतीचा परिणाम प्राण्याला सुखावह ठरला की ती कृती त्या संकेताशी जोडली जाते व पुनःपुन्हा घडू लागते. मानसशास्त्रात या प्रक्रियेला साधक अभिसंधान म्हणतात. परंतु यंग यांनी नोंदवलेली पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे: प्रसंगात त्यांचे बोलणे थांबले की घोडा खुराला स्पर्श होण्याची वाट न पाहता आपणहून ओठ हलवू लागला.

याचा अर्थ घोड्याला संवाद समजू लागला असा नव्हे, आणि तसे मानणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे, कारण त्याची खरी क्षमता वेगळीच आहे. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजांची उत्तरे देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी केलेल्या चाचण्यांत आढळले की प्रश्नकर्त्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स बहुतेक वेळा चुकत असे. अपेक्षित आकडा येताच प्रश्नकर्त्याचे डोके नकळत किंचित वर उचलले जाई आणि हान्स तेवढ्यावरून थांबे. १९०७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांना तो फसवणुकीचा पुरावा वाटला; प्रत्यक्षात मात्र फॉन ऑस्टेन यांनी कोणतीही लबाडी केली नव्हती, आणि माणसांनाही न जाणवणारी हालचाल टिपणाऱ्या या प्राण्याची हुशारी गणित येण्याहून कमी प्रतीची ठरत नाही.

एडच्या बाबतीतही घोड्याचे लक्ष माणसांकडेच लागलेले असे. यंग यांच्या आठवणीप्रमाणे चूक झाल्यावर हिल्टन रागावले की घोडा यंग यांच्याजवळ येऊन उभा राही, आणि एकाने शिस्त लावावी व दुसऱ्याने जवळ घ्यावे ही विभागणी हिल्टन यांनाही योग्य वाटत असे.