पाटी की माणूस?

घर विकायला काढले की पहिला प्रश्न पडतो: नामांकित कंपनीकडे जावे, की भरवशाच्या एजंटाकडे? स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरांचे व्यवहार तपासून २००८ साली निष्कर्ष मांडला. एजंट स्वतःचे घर विकतो तेव्हा त्याला, तशाच इतर घरांच्या तुलनेत, सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळते. ते घर बाजारात साडेनऊ दिवस जास्त थांबते.

कारण साध्या हिशेबात आहे. अमेरिकेत तेव्हा रूढ असलेले ६ टक्के कमिशन दोन्ही बाजूंत आणि पुढे कंपन्यांत वाटले गेले, की एजंटाच्या हाती जेमतेम दीड टक्का उरत असे. मालकाला १०,००० डॉलर जास्त मिळाले, तर एजंटाला १५०. तेवढ्यासाठी तो आणखी आठवडाभर कशाला थांबेल? पाटी कितीही मोठी असली, तरी हे गणित ती बदलत नाही. पाटी गिऱ्हाईक दारापर्यंत आणते. घासाघीस माणूसच करतो.

महाराष्ट्रात २०१७ पासून नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटाला महारेराची नोंदणी सक्तीची आहे. जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीला मात्र हे बंधन नाही. तिथे माणूस आपणच पारखायचा. म्हणून सही करण्याआधी विचारावे: माझे घर प्रत्यक्ष कोण दाखवणार, आणि ‘थोडे थांबा’ असे मला सांगण्यात तुमचा फायदा किती?