ईश्वरावरचे दोन आरोप

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या पादात ईश्वराला जवळजवळ आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. आरोप दोन: वैषम्य म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. चौतिसाव्या सूत्रात हे दोन्ही शब्द आहेत आणि त्यावरच्या भाष्यात शंकराचार्यांनी फिर्यादीची बाजू जराही सौम्य केलेली नाही. देवांच्या वाट्याला अपार सुख, पशूंच्या वाट्याला अपार दुःख, माणसाच्या वाट्याला मधले काहीतरी. अशी वाटणी करणारा सामान्य माणसासारखाच रागद्वेषाने भरलेला असणार, शिवाय शेवटी सगळ्यांचा संहार करणाराही तोच. 'देव असे का करतो?' हा प्रश्न आपल्या घरांत अजूनही तोंडावर हात ठेवायला लावून गप्प केला जातो. प्रस्थानत्रयीतल्या एका ग्रंथात तो उघडपणे विचारलेला आहे, हे मला पहिल्या वाचनात फार दिलासा देणारे वाटले होते. (हे वाचन शाळेतल्या संस्कृतच्या बळावर आणि आपट्यांचा कोश शेजारी ठेवून झालेले, हे सांगितलेले बरे.)

आचार्यांचे उत्तर पावसाच्या दृष्टान्तातून येते. पाऊस भातावरही पडतो आणि जवावरही. भाताचे भात होते आणि जवाचे जव, ते बीजातल्या निरनिराळ्या सामर्थ्यामुळे. ईश्वर तसा सर्वांना सामान्य कारण आहे. सुखदुःखातला फरक ज्याच्या त्याच्या कर्मातून येतो. पूर्वपक्षी लगेच अडवतो: सृष्टीच्या आरंभी जीवांचे भेदच नव्हते, तर कर्म आले कोठून? यावर पुढचे सूत्र सांगते की संसार अनादि आहे. बीजापासून अंकुर, अंकुरापासून बीज.

माझ्या मते पावसाचा दृष्टान्त देखणा आहे, पण त्यामागून येणारे 'अनादि' हे उत्तर खटला निकाली काढत नाही, पुढच्या तारखेवर ढकलते. पहिला गुन्हा कधी घडला हे विचारण्याची सोयच त्यात उरत नाही.

या मुद्द्यावर आयुष्य पणाला लावणारा एक मराठी माणूस एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. नीळकंठ गोरे. कोकणस्थ घराण्यातले, जन्म 1825 मध्ये झाशीजवळ, अध्ययन काशीत. कंपनी सरकारचे अधिकारी आणि संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी 1839 मध्ये 'मतपरीक्षा' हा संस्कृत पद्यग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची श्रेष्ठता मांडली. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली. गोऱ्यांचे 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हे त्यांतले शेवटचे, 1844-45 सालचे. त्या वेळी त्यांचे वय विशीच्या आसपास.

त्यांनी नेमके वैषम्य आणि नैर्घृण्य हेच आरोप उचलले आणि म्यूरसाहेबांच्या देवाकडे वळवले. पूर्वजन्म मानायचा नसेल, तर एक जण धडधाकट आणि दुसरा व्यंग घेऊन का जन्मतो, हे कसे सांगणार? आणि मोजक्या वर्षांच्या आयुष्यातल्या पापाला कधीच न संपणारा नरक, हा कुठला न्याय? वाद म्हणून हा बिनतोड होता. तरीही 1848 मध्ये गोऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. 1860 मध्ये त्यांनी हिंदीत 'षड्दर्शनदर्पण' लिहून ज्या दर्शनांच्या आधारे ते भांडले होते त्यांचीच उलटतपासणी केली. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागेही त्यांचा पत्रव्यवहार होता. 1895 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. गोरे हरले किंवा जिंकले, असा हिशेब मांडणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत. मला तो हिशेब निरर्थक वाटतो. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या लेखनातून दिसते ते असे की, दोन्ही उत्तरांचा सांगाडा एकच आहे. दुःख आहे, कारण कोणीतरी स्वतंत्रपणे वाईट निवडले. ख्रिस्ती परंपरेत ती निवड आदमने केली, कर्मसिद्धान्तात मागच्या जन्मीच्या 'मी'ने. भोगणाऱ्याला दोन्हींपैकी काहीच आठवत नाही.

मग माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे तरी किती? दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सूत्रकार म्हणतात की जीवाचे कर्तृत्व परमेश्वराकडून येते, पण परमेश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवतो. इथे रामानुजाचार्यांचे भाष्य मला अधिक जवळचे वाटते. त्यांचा दृष्टान्त सामाईक धनाचा आहे. मालमत्ता दोघांची; एकाला ती तिसऱ्याला द्यायची असेल तर दुसऱ्याची अनुमती लागते, पण द्यायचा उद्योग पहिल्याचा, म्हणून फळही त्याचेच. अंतर्यामी ईश्वर हा असा अनुमती देणारा सहमालक. सातबाऱ्यावर दोन भावांची नावे असलेल्या कोणालाही हे समजवावे लागणार नाही. ढकलणारा आणि परवानगी देणारा यांत फरक आहेच. मात्र दृष्टान्तातला तिसरा माणूस दान घेणारा आहे. ज्याच्यावर कोणाच्या तरी कृतीचा मार बसतो, तो तिसरा माणूस त्यात नाही.

हा तिसरा माणूस आपल्याला मंगळवेढ्यात सापडतो. परंपरेनुसार 1338 मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा इतर मजुरांबरोबर गाडला गेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी आणून पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. या मृत्यूला कर्मसिद्धान्त लावून पाहावा. महाराच्या जन्माला आला, हे पूर्वकर्म; कुसवाच्या कामावर राबावे लागले, तेही पूर्वकर्म. ज्यांनी त्याला राबवले आणि देवळात येऊ दिले नाही, त्यांचे प्रयत्न या हिशेबातून अलगद बाहेर पडतात. ईश्वराला निर्दोष सोडवण्यासाठी केलेला युक्तिवाद गावालाही निर्दोष सोडवतो.

खुद्द चोखोबाच्या नावावरच्या एका अभंगात आपल्या हीन जन्माचा संबंध मागच्या जन्मातल्या एका चुकीशी जोडलेला आहे. तो त्यांच्या मनातला ठाम विश्वास होता की त्या काळी उपलब्ध असलेले एकमेव स्पष्टीकरण, हे ठरवण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र ते स्पष्टीकरण घेत नाही. आम्हाला असे हीन का केलेस, हा त्याचा जाब थेट विठ्ठलाला आहे, पूर्वजन्माला मध्ये न घालता. नावातच 'कर्म' असलेल्या माणसाने असे करावे, हा योगायोग असेल.

सहा शतकांनंतर डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा 1948 मधला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. 1957 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये ते पूर्वकर्माच्या सिद्धान्ताकडे वळतात. गरीब आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, याखेरीज त्याला दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा आशय आहे. ब्रह्मसूत्रांनी पिंजऱ्यात उभा केलेला आरोपी ईश्वर होता. आंबेडकर त्याच्या जागी राज्य आणि समाज यांना उभे करतात आणि साक्ष चोखोबाची काढतात.