बुटातले गणित

जुगार म्हणजे निव्वळ नशीब, असे आपण म्हणतो. पण रूलेटचे चाक पाहा. आकडे घातलेली 38 घरांची थाळी एका दिशेने फिरते, चेंडू कडेने उलट धावतो आणि शेवटी एका घरात विसावतो. त्या आकड्यावर ज्याने पैसे लावले, तो जिंकला. चेंडू सुटला की पुढचे काम गतीच्या नियमांचे. मग नशीब उरले कुठे? आपल्याला हिशेब करायला सवड नसते, एवढेच ना!

अमेरिकेत एम. आय. टी. मधल्या एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन यांनी हेच हेरले. चेंडू सुटल्यावरही काही क्षण पैसे लावता येतात. तेवढ्यात हिशेब उरकणारे, सिगारेटच्या पाकिटाएवढे यंत्र त्यांनी 1961 साली तयार केले. अंगावर वागवायचा पहिला संगणक तो हाच मानतात. शॅनननी बुटातली कळ पायाच्या अंगठ्याने दाबून गती मोजायची. थॉर्पच्या कानात स्वर वाजायचे. थाळीचे आठ भाग, आठ स्वर. शेवटचा स्वर ज्या भागाचा, तिथे पैसे लावायचे. शंभर डॉलरमागे सरासरी 44 डॉलर नफा, असा त्यांचा अंदाज होता.

लास व्हेगासच्या जुगारघरात यंत्र चालले. पण कानाकडे जाणारी केसासारखी तार सारखी तुटे. मोठा डाव राहूनच गेला. 1985 मध्ये नेवाडा राज्याने अशा साधनांवर बंदीच घातली.

नेमके घर त्या यंत्रालाही सांगता येत नव्हते, भाग तेवढा कळे. पण ज्याला आपण दैव म्हणतो, त्यातले थोडे तरी मोजता येते, हे काही कमी नाही.