सूक्ष्मनियंत्रकाचे पहिले धडे : तिसगाव परिसरासाठी प्रात्यक्षिक वर्ग

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे नगर-पाथर्डी रस्त्यावरील मोठे गाव होय. गर्भगिरीचे डोंगर येथून जवळच असून हा सारा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. विहिरीत जे पाणी साठते ते नेमके केव्हा व किती द्यावे, हाच येथील बागायतदारापुढील मुख्य प्रश्न असतो. त्यातच शेतीपंपास थ्री-फेज वीज ठराविक तासांतच मिळते. जेथे पाळी रात्रीची असते तेथे मोटार चालू करण्यासाठी अंधारात विहिरीवर जावे लागते. ही यातायात टाळण्यासाठी पुष्कळ शेतकरी बंधूंनी ऑटो-स्विच बसवून घेतले आहेत.

ऑटो-स्विचने एक अडचण दूर केली, परंतु दुसरी निर्माण केली. वीज येताच एका रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी चालू होतात. चालू होतेवेळी मोटार तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. त्या एकत्रित भारामुळे दाब उतरतो आणि अखेर रोहित्र जळते. मग उभे पीक डोळ्यांदेखत सुकते. वस्तुतः प्रत्येक मोटार शेजारच्या मोटारीपेक्षा दोन मिनिटे उशिरा चालू झाली, तर हे संकट पुष्कळसे टळू शकते. मोटारीला अशी वाट पाहावयास लावणे हे सूक्ष्मनियंत्रकाचे, म्हणजे मायक्रोकंट्रोलरचे, अगदी साधे काम आहे आणि ते दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलासही शिकता येते.

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या चकतीत सामावलेला लहानसा संगणक. त्यास पडदा नसतो आणि कळफलकही नसतो. तो तारांवरून येणारे संकेत वाचतो, आपण लिहून दिलेल्या आज्ञा क्रमाने पाळतो व दुसऱ्या तारांवरून संकेत पाठवितो. नवशिक्यांसाठी आर्डुइनो नावाची पाटी सोयीची आहे. ती २००५ साली इटलीतील इव्रिया येथे विद्यार्थ्यांसाठीच तयार करण्यात आली. तिच्या ऊनो या प्रकारात आज्ञा साठविण्यास ३२ किलोबाइट जागा असते. आजच्या फोनच्या मानाने ही जागा नगण्य असली तरी पाण्याच्या पाळ्या सांभाळण्यास ती भरपूर आहे.

असे शिक्षण खेड्यात देता येईल काय, अशी शंका काही कार्यकर्ते घेतात. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे त्याचे उत्तर मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, ही त्यांची पद्धती होती. त्याच आश्रमात २००२ साली फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेबाहेर निघालेल्या पहिल्या अशा प्रयोगशाळांमध्ये तिची गणना होते. तेव्हा खेडे हा या शिक्षणातील अडसर नव्हे.

वर्गाची सुरुवात व्याख्यानाने करू नये. पहिल्याच तासाला प्रत्येक दोघांच्या हाती एक पाटी, एक एलईडी दिवा व २२० ओहमचा एक रोध द्यावा. दिवा एक सेकंद लागावा व एक सेकंद विझावा, एवढाच पहिला पाठ. आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहाव्या लागतात. लहान-मोठ्या अक्षरांत फरक पडला किंवा ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला तर संगणक ती स्वीकारीत नाही. येथे शिक्षकाने चूक दाखवून देण्याची घाई करू नये. ती मुलालाच शोधू द्यावी. संगणक नसल्यास ओटीजी जोडणीने अँड्रॉइड फोनवरूनही काम भागते.

दुसरा पाठ वाट पाहण्याचा. पाटी काळ मोजते ती सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणून एका मिनिटासाठी मुले साहजिकच ६० गुणिले १००० असे लिहितात. परंतु या पाटीवर साधी संख्या ३२,७६७ च्या पुढे जात नाही. गुणाकार उलटून ऋण होतो आणि एका मिनिटाऐवजी पाटी जवळजवळ ५० दिवस स्तब्ध राहते. पाटी बिघडली असे समजून मुले ती परत करू पाहतील. ६० या आकड्यापुढे यू आणि एल ही दोन इंग्रजी अक्षरे जोडली की दोष जातो. ही चूक वर्गात मुद्दाम घडू द्यावी. शेतात घडली तर ती पिकाच्या जिवावर बेतेल.

तिसरा पाठ जमिनीचा ओलावा मोजण्याचा. बाजारात मिळणारे दोन पात्यांचे स्वस्त मापक ओल्या मातीत सतत वीज वाहू दिल्यास लवकरच गंजून निकामी होतात. त्याऐवजी प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठोकळा वर्गातच करावा. ही युक्ती जुनी असून अमेरिकेतील मिशिगन येथे बुयूकोस या मृदाशास्त्रज्ञाने १९४० साली ती प्रसिद्ध केली. इंचभर रुंद नळीच्या तुकड्यात स्टेनलेस पोलादाचे दोन स्क्रू सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर उभे धरून प्लास्टर ओतावे व ते पूर्ण वाळू द्यावे. ठोकळा माती इतकाच ओला किंवा कोरडा होत जातो व त्याप्रमाणे त्याचा विद्युतरोध बदलतो. १० किलो-ओहमचा रोध जोडून पाटीने वाचले असता ० ते १०२३ यांमधील आकडा मिळतो. वीज फक्त वाचण्यापुरती, क्षणभर द्यावी.

हा आकडा स्वतः काही सांगत नाही. मूठभर माती दाबून वाफसा ओळखणारा अनुभवी शेतकरी वर्गात बोलवावा आणि तो ‘आता वाफसा आहे’ म्हणेल त्या वेळचा आकडा वहीत टिपावा. डोंगराकडील हलक्या रानाचा आकडा काळ्या रानास लावू नये. प्रस्तुत लेखकाच्या मते या वर्गातील खरा परीक्षक तोच शेतकरी होय.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. वर्गातील सर्व काम ५ व्होल्टवरच करावे. स्टार्टरची पेटी मुलांनी उघडू नये. ४०० व्होल्टच्या आसपासची थ्री-फेज वीज चुकीस क्षमा करीत नाही. प्रत्यक्ष मोटारीची जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी, आणि मोटार कोरडी चालण्यापासून वाचविणारी जी साधने पेटीत आधीपासून असतील ती काढू नयेत.

वर्ग दिवाळीपूर्वी घेणे इष्ट. त्यानंतर तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात व मुलेही बरोबर जातात. दिवाळीआधी तयार झालेले ठोकळे गावी राहणाऱ्या मुलांच्या स्वाधीन करावेत. गव्हाचे पहिले पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, द्यावयाचे असते. तत्पूर्वी आठवडाभर आधी ठोकळे पाण्यात भिजवून मुळांच्या खोलीवर पुरावेत व त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहावेत.