शरणपूर रोड : नावामागची मुलं

कॅनडा कॉर्नर आणि महापालिकेच्या राजीव गांधी भवनामुळे नाशिककरांच्या रोजच्या वाटेवर असलेला हा रस्ता. त्याला नाव मिळालं शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीवरून. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ती शहराबाहेर वसवली. अनाथ मुलांचा सांभाळ हे तिचं मुख्य काम.

पुढे इथे आफ्रिकी मुलंही आली. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांची गलबतं पकडली, की सुटका झालेल्यांना मुंबईत उतरवत; त्यांतल्या काही मुलांना शरणपूरला धाडत. इथे अक्षरओळख होई, सुतारकाम-लोहारकामही शिकवत. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३मध्ये मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा तो त्यांच्या सोबत होता; तिथल्या झाडावर त्यांचं नाव त्यानेच कोरलं. पार्थिवासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याने शवपेटीला हात दिला. नाशिकच्या शाळेचं हे देणं आपल्या पाठ्यपुस्तकांतही यायला हवं.

१८७५मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन उभं राहिलं. ते उभारायलाही प्राइसच गेले आणि शरणपूरचे अनेक आफ्रिकी तिकडे स्थायिक झाले.