बहात्तर तासांचे मतदान

वर्सोव्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा भरवावयाची, तर सभासदांना पूर्ण चौदा दिवसांची सूचना द्यावी, असा आदर्श उपविधींचा दंडक आहे. नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस त्यांत धरावयाचा नाही. गच्चीची गळती आणि पाण्याची टाकी यांवर मत देण्यास एवढा अवधी मिळतो. उलट, जगभरचे उद्योग ज्यांच्यावर विसंबून असतात त्यांतील काही मुक्तस्रोत संगणकप्रणालींची नवी आवृत्ती बाहेर पडते ती बहुधा बहात्तर तासांच्या मतदानावर.

हा आकडा अमेरिकेत १९९९ साली स्थापन झालेल्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचा. आवृत्तीच्या बाजूने प्रकल्प समितीची किमान तीन मते पडावीत, आणि अनुकूल मते प्रतिकूलांहून अधिक असावीत. नकाराधिकार कोणालाच नाही. मात्र हे मत म्हणजे नुसता हात वर करणे नव्हे. अनुकूल मत देणाऱ्या समिती-सदस्याने मूळ संहिता स्वतःच्या यंत्रावर उतरवून घ्यावी, तिची स्वाक्षरी पडताळावी, तीतून प्रणाली बांधावी आणि ती चालवून पाहावी, अशी अट आहे. हे श्रमाचे काम आहे, आणि श्रमाला वेळ लागतो.

तो वेळ कोणाचा, हा खरा आर्थिक प्रश्न. कंपनीच्या पगारावर हे काम करणाऱ्याला सोमवार ते शुक्रवार मोकळा. रविवार त्याचा घरचा. यारी रोडवर राहून दिवसभर दुसरीच नोकरी करणाऱ्या स्वयंसेवकाचे नेमके उलटे. सोमवारी सकाळी मतदान पुकारले, तर त्याच्या वाट्याला तीन थकलेल्या रात्री येतात. कॅलिफोर्नियात शुक्रवारी संध्याकाळी पुकारले, तर येथे शनिवारची पहाट असते. त्याचे दोन दिवस साधतात, पण पगारी परीक्षकाला सोमवारखेरीज कामाचा दिवस उरत नाही. वेसाव्याच्या होड्या समुद्रात असताना कोळीवाड्यात बैठक ठेवावी, तशातलाच हा प्रकार. तास सर्वांना सारखे मोजून दिले, तरी संधी सारखी होत नाही. सात दिवसांच्या मुदतीत मात्र दोघांचेही दिवस येतात.

विलंबालाही किंमत असते, हे नाकारता येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या अपाचीच्याच घटकातील भगदाड उघडे पडले, तेव्हा सात दिवस थांबणे वेडेपणाचे ठरले असते. पण घाईत दिलेली पहिली दुरुस्ती अपुरी निघाली, आणि महिना संपण्याच्या आत आणखी तीन आवृत्त्या काढाव्या लागल्या. तेव्हा संकटकाळी मुदत अवश्य तोडावी. परंतु ती तोडल्याचे कारण जाहीर करावे आणि आवृत्ती बाहेर पडल्यावरही तपासणी चालू ठेवावी.

नित्याच्या आवृत्तीला अशी निकड क्वचितच असते. शिवाय अपाचीच्या नियमात बहात्तर तास हे 'किमान' म्हणून सांगितले आहेत. मतदान पुकारताना त्या जागी सात दिवस लिहिण्यास प्रकल्पाला नियम बदलावा लागत नाही.