रुग्णवृत्त कोणाच्या दप्तरी?

गुढीपाडव्याच्या सुमारास, म्हणजे ऊसतोडीहून टोळ्या परतू लागतात त्या काळात, आष्टी येथील आमच्या चिकित्सालयात एक भगिनी आली. वय तीसच्या आत, गर्भाशय आधीच काढलेले, कंबरदुखी, निद्रानाश आणि दाह. वृत्त सांगून झाल्यावर ती म्हणाली, ''डॉक्टर, हे मुकादमाच्या कानावर जाऊ देऊ नका.'' आम्ही शब्द दिला. त्याच रात्री संप्राप्तीचा विचार करताना आम्ही तिचे वय, गाव, कोयत्यावरचे काम आणि शस्त्रक्रियेचे वर्ष एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्रात टंकलिखित केले. नाव तेवढे वगळले. उत्तर वाचून संवाद पुसला आणि निश्चिंत झालो. ती निश्चिंती अज्ञानाची होती, हे आम्हांस पुढे कळले.

या यंत्रांस आपण जी पृच्छा करतो, तीस 'प्रॉम्प्ट' म्हणतात. ती कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर जाते आणि तेथे तिची नोंद होते. ही नोंद किती दिवस राहते, ती कोण वाचतो आणि पुढील यंत्र घडविण्यास ती वापरली जाते काय, हे कंपनीगणिक भिन्न असते व मधूनच बदलतेही. गूगलने आपल्या जेमिनीबाबत स्पष्ट लिहिले आहे की, मानवी परीक्षकांनी पाहिलेले संवाद 3 वर्षांपर्यंत ठेवले जातात, वापरकर्त्याने पुसले तरीही, आणि म्हणून गोपनीय मजकूर त्यात घालू नये. ही सूचना प्रामाणिक आहे. आम्ही ती वाचली नव्हती, हा दोष आमचा. अँथ्रॉपिकने ऑगस्ट 2025 मध्ये सामान्य ग्राहकांचे संवाद अनुमती असल्यास प्रशिक्षणासाठी घेण्याचे व 5 वर्षे ठेवण्याचे जाहीर केले; अनुमती नसल्यास मुदत 30 दिवसांची. मात्र विचारणेच्या चौकटीत अनुमतीची कळ आधीच चालू स्थितीत होती. घाईने 'स्वीकार' दाबणाऱ्याची संमती अशी आपोआप गृहीत धरली जाते.

सर्वांत बोधप्रद प्रकरण ओपनएआयचे आहे. पुसलेले संवाद साधारणतः 30 दिवसांत नष्ट होतात, असे चॅटजीपीटीच्या ग्राहकांस सांगितलेले होते. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर 2023 मध्ये लावलेल्या स्वामित्वहक्काच्या दाव्यात 13 मे 2025 रोजी न्यायालयाने आदेश दिला की, पुसलेले संवादही जतन करावेत. हा आदेश त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरपर्यंत लागू राहिला. कंपनीने त्यास विरोध केला होता, हे नमूद करणे न्याय्य होईल. परंतु एका परदेशी दाव्यापायी आष्टीतल्या वैद्याने पुसलेली ओळ राखून ठेवली जाऊ शकते, हे आमच्यापैकी कितीजणांच्या ध्यानी होते? पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये ओळख काढून टाकलेले 2 कोटी संवाद वादी पक्षास देण्याचा आदेश झाला.

'ओळख काढून टाकलेले' या शब्दांवर आम्ही अडखळतो. महानगरात नाव वगळले की मनुष्य गर्दीत लोपतो. आष्टी तालुक्यातील एखाद्या वस्तीवर वय, कोयता आणि शस्त्रक्रियेचे वर्ष एवढे सांगितले, की शेजारीण नाव सांगेल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अशा वृत्ताचे मोल आणि त्यातील धोका आपणांस वेगळा सांगावयास नको.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, शिष्यास द्यावयाच्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत असे स्पष्ट बजावले आहे. तेथे कानगोष्ट अभिप्रेत होती. आज ती कळफलकावरून जाते, एवढाच फरक. आपल्या देशाचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम 2023 चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य कर्तव्ये त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. त्यात सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा 'आमचे संवाद किती दिवस व कोणाकडे राहतात' हे मराठीत सांगा, अशी मागणी संघटनेने या कंपन्यांकडे लेखी करावी, असे आमचे मत आहे. मात्र रुग्णाची संगणकीय नोंद ठेवणारा वैद्यही या कायद्याने उत्तरदायी ठरतो, हे विसरून चालणार नाही.

औषधालयांच्या मालकांस एक विशेष सूचना. चिठ्ठीवरील अक्षर लागत नाही म्हणून काउंटरवरचा मुलगा तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपमधील मेटा एआयला दाखवितो, हे आम्ही पाहिले आहे. खासगी संदेशांस असलेले कूटबद्ध संरक्षण त्या संवादास नसते. त्यापेक्षा वैद्यास दूरध्वनी करावा. अक्षर सुधारण्याची जबाबदारी अर्थातच आमची.

आम्ही स्वतः हे यंत्र सोडलेले नाही. ग्रंथातील संदर्भ, द्रव्यांची नावे, पथ्यपत्रकाचा मसुदा यांसाठी ते उपयोगी पडते. प्रशिक्षणाची कळ बंद केली आहे. रुग्णवृत्त पूर्वीप्रमाणे वहीत लिहितो, आणि ते यंत्रास विचारावेसे वाटले तर आधी रुग्णास विचारतो. ती भगिनी पोळ्याच्या आधी पुन्हा आली, तेव्हा झाला प्रकार तिला सांगितला. तिने वही मागून घेतली, आपले पान कोणते ते विचारले, आणि मग नाडी दाखविली.